एका वर्षात दोन बहार

अकोला, १२ डिसेंबर १९५८

मुंबईहून परवा परतले. कचेरीत कुणी फारसं विचारलं नाही. हेडक्लार्क एवढंच म्हणाले, "काय शंकरराव, दाताचं काय झालं?" दाताचं कारण देऊन रजा घेतली होती हे मीच विसरले होते. मग दिवसभर अधूनमधून गाल धरून बसले.

या वहीत मी गेले, आले, बसले असं लिहिते. बाहेर गेलो, आलो, बसलो. बाहेर बेचाळीस वर्षं झाली. वह्या सहा.

मुंबईच्या डॉक्टरांनी तासभर बोलू दिलं. मध्ये तोडलं नाही, हसले नाहीत. माझं संपल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे एका ऑपरेशनचं काम नाही, दोन लागतील." पहिलं काढण्याचं. दुसरं घडवण्याचं, ते अवघड. वेगवेगळी केली तर मध्ये वर्ष जाऊ द्यावं लागतं. दोनदा दवाखाना, दोनदा भूल, दोनदा रजा. एकत्र केली तर सगळं एकदाच, खर्चही कमी. पण पैसे आधी भरायचे, आणि प्रकृती तेवढी हवी.

"घाई नाही, विचार करा," म्हणाले.

घाई नाही. खरंच आहे. सात वर्षांची होते तेव्हापासून विचारच करते आहे.

अकोला, १४ डिसेंबर, रविवार

इंदू सकाळी आली, मुंबईच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं इंजेक्शन दिलं. मागच्या गल्लीत राहते, नर्स आहे. दीड वर्षापूर्वी माझ्या तापात बघायला आली आणि मी तापाच्या भरात तिला सगळं सांगून बसले. ताप उतरल्यावर भीतीने दोन दिवस दार उघडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तीच पेज घेऊन आली. तेव्हापासून दार लावलं की ताई म्हणते. दार उघडलं की, "येते शंकरभाऊ."

मुंबईचं सांगितलं. तिने नर्सबाईसारखे प्रश्न काढले. रक्त तपासलं का, वजन किती, भूल किती वेळाची. म्हटलं, होईल ते सगळं. मला दोन्ही एकदम करायची आहेत. मधलं वर्ष नको. अर्धवट होऊन पुन्हा त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर. नको.

तिला विचारलं, छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेली होतीस तेव्हा कसं वाटलं होतं? जरा वेळ सुई पुसत राहिली. म्हणाली, "सकाळी गेलो तवा एक होतो ताई, संध्याकाळी दुसरे. येताना पाय दुखत नव्हते."

तेच वाक्य दिवसभर मनात. सकाळी एक, संध्याकाळी दुसरे.

वलगाव, २१ डिसेंबर

कमलला सांगितलं. बगीच्यातच सांगितलं, घरात भिंती ऐकतात असं वाटतं अजून.

संत्र्यांना ताण दिलाय. मोट बंद, आळी कोरडी, पानं मलूल पडलेली. महिनाभर तहानलेलं ठेवायचं आणि मग पाणी सोडायचं, की झाड एकदम फुलतं. दरवर्षी बघते तरी या दिवसांत बगीच्यात फिरवत नाही.

कमल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून बाबांची ही दोनशे झाडं तीच सांभाळते. कागदावर अर्धी तिची, अर्धी माझी. तिला लहानपणचं ठाऊकच आहे. तिचा परकर नेसून मी विहिरीमागे बसायचे आणि ती पहाऱ्याला उभी राहायची. बाबा आले की खोकायची. त्यानंतर तीस वर्षं आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही.

आज बोलले. ती वाळक्या काड्या मोडत होती, मोडतच राहिली. मग म्हणाली, "दुखन काय लय?"

म्हटलं, दुखेल.

"अन मी नाई म्हनलं त थांबशीन?"

नाही म्हटलं.

"मंग मले कायले इचारून राहिला?"

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनेच विषय काढला. या येत्या फुलोऱ्याचे, आंबिया बहाराचे, सगळे पैसे मी घ्यावेत, तिचा हिस्साही. तिला यंदा मोटेऐवजी इंजिन बसवायचं होतं, विहिरीजवळ जागासुद्धा सपाट करून ठेवलीय. इंजिन काय, पुढच्या सालीही येईल, म्हणाली.

अकोला, १५ जानेवारी १९५९

काल वलगावला संक्रांत. शेजारी पाटलांकडे हळदीकुंकू. आमच्या ओसरीवरून सगळं दिसतं. बायका येत होत्या, जात होत्या, कपाळाला हात लागत होते, कुणी कुणाला नाव घ्यायला लावत होती. मी ओसरीवर पेपर उघडून बसलेली, एकच पान कितीतरी वेळ. कमल आत चुलीपाशी तीळ भाजत होती. नवरा नाही म्हणून तिला बोलावणं नाही. मला कशामुळे नाही ते सांगायलाच नको. एका घरात दोघी बहिणी, आणि दोघींच्याही कपाळापर्यंत ते बोट येत नाही.

आज निघताना क.ने डब्यात तिळाच्या वड्या दिल्या. अकोल्याच्या गाडीत उघडून बघितल्या तर तळाशी एक लाकडी फणी. काल पाटलीणबाईंनी वाण म्हणून वाटली त्यातली. कुणाकडे मागितली असेल, कशी मागितली असेल.

अकोला, २२ फेब्रुवारी

क.चं पत्र, चार ओळी. बगीचा फुलला. वास पार मोटारस्टँडापर्यंत जातो. ये.

रजा नाही. अमरावतीच्या साप्ताहिकात मी 'शेवंता' नावाने लिहिते. घर, बाग, सणवार असलं काहीबाही. संत्र्याच्या फुलांवर दोन रकाने लिहून पाठवले, वास न घेता. नाही घेतला म्हणूनच बरे उतरले असतील.

संपादकांनी एक वाचकाचं पत्र पुढे धाडलं आहे. चांदूरच्या कुणी गृहिणी. 'शेवंताबाई, तुमच्या हातचं लोणचं खायला एकदा यायचं आहे, बोलवा.' आठ दिवस कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. कुणीतरी माझ्याकडे यायचं म्हणतंय. माझ्याकडे.

अकोला, ११ एप्रिल

डॉक्टरांचं पत्र. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते तीन वर्षांसाठी परदेशी जाताहेत. माझं काम करायचं तर त्याआधी, फार तर मार्चमध्ये. दुसऱ्या कुणाचं नाव सांगता येत नाही, या कामात इथे कुणी नाही. दोन्ही मिळून सव्वीसशे. नुसतं पहिलं तेराशे.

तीन वर्षं. म्हणजे मी सेहेचाळीस.

म्हणजे दोन्ही, आणि मार्चच्या आत. भविष्यनिर्वाह निधीतून सहाशे मिळतील. आंबिया चांगला लागला तर चौदाशे. सहाशे कमी पडतात. सहाशे कुठून ते मला लगेच कळलं. लगेच कळलं याचीच आता लाज वाटते आहे, पण लिहून ठेवते. दुसरा बहार, मृगाचा.

वलगाव, ३ मे

क.शी भांडण.

म्हटलं, यंदा मृगही धरू. आत्ता पाणी तोडलं की जूनअखेर झाडं पुन्हा फुलतील, फेब्रुवारीत ती फळं विकू.

तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाली, "झाड हाये ते. गाय नाई, दोन टाइम दोहाले." लोक दोन्ही बहार घेतात, पण अर्ध्या बगीच्याला एक आणि अर्ध्याला दुसरा. ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं. आता सगळ्या झाडांवर फळ आहे. आता पाणी तोडलं तर हातचंही जाईल. "बाबानं आखी जिंदगी एक बहार घेतला. त्याले काय पैसा कडू लागत होता?"

मी म्हटलं, तीनच आठवडे. बेतानं.

नाही म्हणाली.

मग मी ते बोलले. अर्धी झाडं माझी आहेत. माझ्या झाडांना पाणी द्यायचं की नाही ते मी ठरवीन.

तिने हातातलं खुरपं जमिनीवर टाकलं. "लय शहानी झाली तू. बाबाच्या वरताण शहानी. कर मंग साऱ्याच झाडाइले, अर्ध्याले कायले?" आणि विहिरीकडे निघून गेली.

शहाणी झाली तू.

तिच्या लक्षातही आलं नाही. मी तिथेच उभी. जन्मात पहिल्यांदा घरच्या माणसाच्या तोंडून, आणि तेही रागात, म्हणजे आतून आलेलं. तिच्या मागे जाऊन, राहू दे, नको करू, असं म्हणायला हवं होतं. विहीर पन्नास पावलांवर. गेले नाही. तिचं ते वाक्य कानात होतं आणि हललं तर सांडेल असं वाटत होतं.

वलगाव, २४ मे

आळी कोरडी. फळं लिंबाएवढी, पानांआड गप्प. क. जेवायला वाढते आणि उठून बाहेर जाते.

वलगाव, ५ जुलै

मृग फुलला. एकाच फांदीवर हिरवी फळं आणि पांढरी फुलं. इतका सुंदर बगीचा मी कधी पाहिला नव्हता. क.ला म्हटलं, बघ. ती बघत होती, चेहरा मात्र परका.

दुपारी रहीमभाई आले, अमरावतीचे बागवान. बाबांच्या वेळेपासून आमचा माल तेच घेतात. सगळ्या रांगा फिरले, दोनचार पानं चुरून पाहिली. क.ला म्हणाले, "बहन, ये खुशी का बहार नहीं है. घबराहट का है. झाड को लगा, मैं मर रहा हूँ, तो जितना था सब निकाल दिया."

इसार मात्र दिला, नेहमीपेक्षा कमी. मी तो घेतला.

अकोला, ९ ऑगस्ट

ऑपरेशनला दोन दाखले लागतात, मन ताळ्यावर आहे असे. दुसरा काल नागपूरच्या डॉक्टरांकडून मिळाला. तीन वेळा बोलावलं, तेच तेच विचारलं. आई कडक होती का, बाप मारायचा का, मुलींचा राग येतो का. शेवटी लिहून दिलं, 'विचार स्थिर, निर्णय स्वतःचा.' दोन्ही कागद फणीजवळ ठेवले. ट्रंकेच्या त्या कोपऱ्यात आता बऱ्याच गोष्टी झाल्या.

निधीचा अर्जही भरला. कारण काय लिहू म्हणून पेन धरून बसले होते. हेडक्लार्क म्हणाले, "लग्न लिहा शंकरराव, झटकन मंजूर होतं. अन् मंजूर झालंच आहे तर करूनही टाका." सगळे हसले. मीही हसले. आजारपण लिहिलं.

अकोला, १६ सप्टेंबर

क.चं पत्र. 'गळ लागली आहे. रोज टोपलं भरून.' बाकी काही नाही. काळजी घे, असंही नाही.

वलगाव, २० सप्टेंबर

सकाळपासून दोघी पडलेली फळं वेचत होतो. हिरवी, कडक, हातात घेतली की वाटतं अजून आहेत. उकिरड्यावर ढीग झाला.   एकदा क.ने माझ्या हातातून टोपलं घेतलं, "तुले नको उचलू, इंजेक्शनं चालू हाये ना," म्हणाली.

वलगाव, २९ नोव्हेंबर

आंबिया उतरला. उरलेली फळं लहान, साल जाड. रहीमभाईंनी नेहमीच्या निम्मा भाव दिला आणि निम्म्याला पोचेल एवढाही माल नव्हता. क.ने पैसे पदरातून काढून तसेच माझ्या हातावर ठेवले. मोजले नाहीत दोघींनीही.

वलगाव, १७ जानेवारी १९६०

मृगाची फळं सुपारीएवढी होऊन थांबली. शेंडे वाळताहेत. वरून खाली सल उतरते आहे, कितीतरी झाडांना. रहीमभाई पाहून गेले. इसार परत मागितला नाही. "दो साल इनसे कुछ मत माँगो," एवढंच म्हणाले आणि जाताना बाबांनी लावलेल्या पहिल्या झाडाला हात लावून गेले.

दुपारभर दोघी करवत घेऊन वाळकी लाकडं कापत होतो. मी म्हटलं, कमल, माझ्यामुळे झालं. ती शिडीवर होती, वरूनच म्हणाली, "बगीचा माहा बी होता. मी बी करू देल्लं ना."

"का करू दिलंस?"

करवत थांबली. "तू मांगतलं काय कधी काई? आखी जिंदगी? एक डाव मांगतलं."

मी खाली फांद्या ओढत राहिले. वर तोंड करून बघितलं नाही.

चुलीला वर्षभर पुरेल एवढं लाकूड झालं. निधीचे, आंबियाचे, इसाराचे आणि वर्षभरात पगारातून मागे पडलेले मिळून पहिल्यापुरते पैसे आहेत. क. म्हणाली, "पह्यलं त करून घे."

मुंबई, ३ मार्च

सोबत इंदू आहे. पंधरा दिवसांची रजा काढून आली. उतरलो त्या खोलीवर माझी नातेवाईक म्हणून नाव लावलं आहे.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. संध्याकाळी कागद घेऊन आले. मी आधीच सांगून टाकलं, दोन्हींचे पैसे जमले नाहीत, बगीचा गेला.

ते म्हणाले, "पैसे असते तरी मी दोन्ही एकदम केली नसती. रक्त फार कमी आहे. हे शरीर एका वेळी एवढं सोसणार नाही." रक्त पूर्वीच तपासून घ्यायला हवं होतं, म्हणाले. वर्षापूर्वी कळलं असतं.

इंदूने अठ्ठावन्नच्या डिसेंबरात पहिलाच प्रश्न तो विचारला होता. रक्त तपासलं का. मी म्हटलं होतं, होईल.

म्हणजे बगीचा उगीचच. सहाशे रुपयांनी काहीच झालं नसतं. ताण, भांडण, ती गळ, क.चं इंजिन, सगळं उगीचच. डॉक्टर काहीतरी बोलत होते, औषध, पहिल्याला हरकत नाही, चार दिवस रक्त भरून. मला विहिरीजवळची ती सपाट केलेली जागा दिसत होती.

मुंबई, ५ मार्च

खिडकीतून समुद्र दिसत नाही, गिरणीचं धुराडं दिसतं. बरं आहे. ओळखीचं वाटतं.

इंदूला म्हटलं, तुझ्यासारखं एका दिवसात करायचं होतं मला. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी.

ती संत्रं सोलत होती, बाजारातलं, आपल्याकडचं नव्हे. म्हणाली, "ताई, तेवढंच सांगतलं होतं मी तुमाले. बाकीचं नाई सांगतलं." नागपूरहून आल्यावर घरातले सगळे देव नदीत सोडले, पण तिच्या आईने एक खंडोबा ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. दोन वर्षांनी कणगी रिकामी झाली तेव्हा सापडला. सगळ्यांना वाटलं आता कल्ला होईल. आईने तो हातात घेतला, पुसला, आणि स्वतःच नदीवर नेऊन सोडला. येताना म्हणाली, आता झालं माझं.

"मायचा दिवस दोन सालानं आला. आमी काई तिले म्हनलं नाई, तू मागं राहिली म्हणून."

फोडी तिने माझ्यासमोर ठेवल्या. आंबट होत्या. खाल्ल्या.

मुंबई, ७ मार्च

दाखल केलं. पुरुषांच्या वॉर्डात नाही, बायकांच्याही नाही. चादरी ठेवायच्या खोलीशेजारी एक लहानशी खोली आहे, तिथे. धुतलेल्या कापडाचा वास येतो.

कार्डावर नाव लिहायला डॉक्टर स्वतः आले. म्हणाले, "वर कचेरीच्या कागदांवरचं नाव लिहावं लागेल. खाली हाक मारायचं नाव लिहितो. काय मारू हाक?"

इतकी वर्षं छापून येतं ते. तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. शेवंता, म्हटलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

परवा सकाळी आठ वाजता.

मुंबई, १३ मार्च

लिहवत नाही. झालं. तहान.

मुंबई, १६ मार्च

इंदू गेली काल, रजा संपली. दुखणं आहे, डॉ. म्हणतात हवं तसंच आहे. सकाळची आया रोज विचारते, "शेवंताबाई, चहा?" तिला काय ठाऊक, काय नाही, कोण जाणे. तिच्या दृष्टीने मी तेरा नंबरचा चहा आहे. रोज हो म्हणते. मला चहा आवडत नाही.

वलगाव, १० एप्रिल

गाडीने बडनेऱ्यापर्यंत, पुढे क. भाड्याची मोटार घेऊन आली होती. वाटेभर एका हाताने मला आणि एका हाताने मोटारीचं दार धरून बसली होती.

कचेरीत हर्नियाचा दाखला पाठवला आहे, दोन महिने.

क. पाणी तापवून देते, फडकी उकळते, वाळत घालते. गावात भाऊ आजारी म्हणून सांगितलंय. पाटलीणबाई विचारायला आल्या तेव्हा मी आत निजलेली. क. ओसरीवरून म्हणाली, "भाऊ झोपला हाये." त्या गेल्या. मग आत येऊन उंबऱ्यातच उभी राहिली, आणि जरा वेळाने, "बाई, पेज देऊ काय?"

बाई. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. नेहमीचंच असल्यासारखं.

दे म्हटलं.

अर्धं झालंय. अंगाला कळतंय किती हलकं झालं ते, आणि किती राहिलं तेही. दोन्ही एकाच जागी. राहिलेल्याची ओढ मात्र पहिल्याहून जास्त आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, निम्मं झालं की निम्मी होईल.

वलगाव, २२ मे

डॉक्टरांचं पत्र, निघण्याआधी लिहिलेलं. 'तुमचे कागद माझ्याजवळ आहेत. त्रेसष्टला परत येईन असं आज वाटतं. आलो नाही तर तिथूनही लिहीन. मधल्या काळात रक्त वाढवा.'

क.ला वाचून दाखवलं. तिने फक्त 'रक्त वाढवा' ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पालक, गूळ, शेंगदाणे. माझ्यासाठी आणि झाडांसाठी एकाच हाताने खत घालते आहे.

अकोला, १९ जून

पुन्हा कचेरी. तीच खुर्ची. याचीच भीती होती. बसताना जरा जपून बसले. हेडक्लार्क म्हणाले, "बारीक झालात शंकरराव." बाकी काही नाही. कुणाला काहीच दिसत नाही याचं आधी बरं वाटलं, मग नाही वाटलं.

अकोला, १३ नोव्हेंबर

इंदूने रक्त तपासून आणलं. वाढलंय, थोडं. क.ला पत्राने कळवलं. उलट टपाली तिचं पत्र, 'झाडाले नवी पालवी आली. सारी नाही. चाळीसक गेली. बाकीची येतीन.' आणि खाली, 'इंजिनाची घाई नाही.'

वलगाव, १२ फेब्रुवारी १९६१

यंदा ताण दिला नव्हता. पाणी नीट, खत नीट. तरी काही झाडांनी फुलं धरलीच. फुलू दिली तर फळ धरेल, फळ धरलं तर पुन्हा खंगतील. म्हणून क. कालपासून खुडते आहे. मीही आज सकाळपासून, विहिरीकडच्या रांगा. कळी दोन बोटांत धरायची, देठाशी हलकेच मोडायची. हाताला, केसांना, पदराला वास. बगीच्यात कुणी नसतं म्हणून क.चं जुनं लुगडं नेसले आहे. ती आता पहाऱ्याला उभी राहत नाही. रस्त्यावर कुणी दिसलं तर अजूनही खोकते मात्र.

गेल्या खेपेला वास न घेता लिहिलं होतं. आता टोपलंभर वास आहे आणि तो टाकून द्यायचा आहे.

कोपऱ्यात बाबांनी लावलेलं पहिलं झाड. अर्धं कापलेलं, अर्धं हिरवं. हिरव्या बाजूच्या एका फांदीला आठदहा फुलं. क. तिकडे वळली तशी म्हटलं, "ती राहू दे."

"झाडाले जड जाइन बाई."

"एकच फांदी."

ती फांदी हातात धरून उभी राहिली. फुलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली आळ्यात ओल किती आहे ते बोट घालून पाहिलं. मग टोपलं कमरेवर घेऊन पुढच्या झाडाकडे गेली.

दुपारी डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. पत्ता झाला. खाली नाव लिहून झालं, शेवंता. मधला मजकूर अजून नाही. क. हाक मारते आहे, दोन रांगा राहिल्या आहेत.